मटणाची भूक वेगळी, दुधाची भूक वेगळी

मागच्या अंकात आपण मराठीत मुरलेल्या अरबी शब्दांबद्दल बोललो होतो, हौस, लज्जत, हजम वगैरे, आणि त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले ते बहुतेक सगळे फिरूनफिरून खाण्यावरच आले. भूक लागणं, एखाद्या पदार्थावर जीव जाणं, नाहीतर समोर ताट असून घास न उतरणं, याला जुन्या अरबीत काय म्हणायचे असं बऱ्याच जणांनी विचारलंय. माझा हा अगदी जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे या वेळचं पान सगळं त्यालाच दिलंय.

प्रश्न : सर, आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की अरबीत भुकेच्या सात पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे. हे खरं आहे का? (सोलापूर)

खरं आहे, आणि त्याला हजार वर्षांपूर्वीचा आधार आहे. आजच्या इराणमध्ये निशापूर म्हणून शहर आहे, तिथे अबू मन्सूर अस-सआलिबी नावाचे मोठे विद्वान होऊन गेले, ९६१ ते १०३८ हा त्यांचा काळ. त्यांच्या 'फिक्ह अल-लुगा' या ग्रंथात शब्द विषयवार लावलेत, आणि त्यात भुकेचं एक छोटंसं प्रकरण आहे. ते म्हणतात पहिली जूअ, मग सगब, मग गरस, मग तवा, मग मख्मसा, मग दरम, आणि शेवटची सुआर. तुमच्या फॉरवर्डमधली यादी हीच असणार.

पण नुसती यादी पाठ करण्यात मजा नाही, एकेक शब्द उघडून बघा. तवा (आपल्या पोळीच्या तव्याशी याचा काही संबंध नाही) हा ज्या धातूवरून आलाय त्याचा अर्थ घडी घालणं, म्हणजे पोट रिकामं होऊन आतल्या आत दुमडलं. मख्मसा ज्यावरून आलाय त्यात आत गेलेलं, खोल झालेलं हा अर्थ आहे, तळपायाचा मधला भाग जो जमिनीला टेकत नाही त्याला अरबीत अख्मस म्हणतात, तोही त्याच धातूचा. म्हणजे आपण जिला पोटाची खळगी म्हणतो तीच ही. दरम आणि सुआर तर सरळ आगीचे शब्द आहेत, भडका, ज्वाळा, आणि हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको कारण आपल्याही पोटात आगीचा डोंबच उसळतो. आधी घडी, मग खड्डा, मग आग, असं चित्र डोळ्यासमोर ठेवलंत की शब्द आपोआप लक्षात राहतात.

एक मात्र सांगतो. या पायऱ्या थर्मामीटरसारख्या वापरू नका. ही मांडणी कोशकाराची आहे, वाळवंटातला माणूस 'आज मी तिसऱ्या पायरीवर आहे' असं म्हणून बोलत नव्हता. कुराणात 'मस्गबा' हा शब्द सगबपासूनच आलाय, तिथे अर्थ आहे दुष्काळाचा, उपासमारीचा दिवस, अशा दिवशी अनाथाला नाहीतर धुळीला मिळालेल्या गरिबाला जेवू घालणं ही खरी अवघड चढण असं नव्वदाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, म्हटलंय, आणि आपल्या यादीत मात्र सगब दुसऱ्याच पायरीवर बसलाय. आणि गरस बघा, हस्सान इब्न साबित या कवीने पैगंबरांच्या पत्नी आइशा यांच्याबद्दल म्हटलंय की बेसावध बायकांच्या मांसाच्या बाबतीत त्या सकाळी 'गरसा', म्हणजे उपाशीच उठतात. आता हे वाचून दचकू नका, पाठीमागे कुणाची निंदा करणं म्हणजे त्याचं मांस खाणं अशी अरबीतली कल्पना आहे, कुराणात मेलेल्या भावाचं मांस खाण्याशी निंदेची तुलना केलीय, तर त्या उपाशी आहेत म्हणजे त्या कुणाची चहाडी करत नाहीत. भुकेच्या शब्दाने केलेली एवढी मोठी स्तुती मला दुसरीकडे कुठे सापडली नाही.

आणि भुकेवर जुन्या कवितेत सगळ्यात ताकदीचं कोणी लिहिलं असं विचाराल तर मी शन्फराचं नाव घेईन, इस्लामपूर्व काळातला टोळीबाहेर पडलेला माणूस. त्याच्या नावावर जी 'लामिय्या' कविता आहे तिच्यात तो म्हणतो, मी भुकेला उद्या-परवा करत इतकं ताटकळत ठेवतो की शेवटी तिला मारूनच टाकतो. आपण भूक मेली म्हणतो ना, तेच, फक्त इथे माणूस ठरवून मारतोय. त्याच कवितेत आणखी एक जागा आहे, जेवणाकडे हात पुढे झाले की माझा हात सगळ्यात आधी नसतो, कारण जो सगळ्यात घाई करतो तोच सगळ्यात 'अज्शअ', म्हणजे हावरा. दिवसचे दिवस उपाशी राहणारा माणूस हे म्हणतोय, म्हणून ते लागतं.

प्रश्न : सर, श्रावणात आमच्या घरी महिनाभर नॉनव्हेज बंद असतं. आमचे हे जेवतात पोटभर, पण उठताना म्हणतात भूक तशीच आहे. अरबीत याला काही शब्द आहे का? (कोल्हापूर)

आहे ताई, आणि अगदी नेमका आहे. करम. पण यातला क आपल्यासारखा नाही, तो घशाच्या पार आतून काढायचा, नाहीतर तो 'औदार्य' या अर्थाचा दुसराच शब्द होतो. करम म्हणजे फक्त मांसाची ओढ. सआलिबींनीच दुसऱ्या एका प्रकरणात वाटणी करून दिलीय, माणूस भाकरीसाठी जाइअ असतो म्हणजे साधा भुकेला, मांसासाठी करिम असतो, पाण्यासाठी अत्शान, दुधासाठी ऐमान, फळांसाठी जइम. म्हणजे तुमच्या घरी पोटाची जूअ भागलीय पण करम शिल्लक आहे, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीने दुसरी भागत नाही.

मला या भाषेतलं हेच सगळ्यात आवडतं, ती नुसतं 'भूक लागली' यावर थांबत नाही, कशाची ते विचारते. आपल्याकडे भूक एकच आणि पुढे मग मासे खावेसे वाटतायत, गोड खावंसं वाटतंय असं वाक्य जोडावं लागतं.

करमवरून हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींच्या, अभ्यासातली एक गोष्ट सांगतो, ती मला फार आवडते. ईद-उल-अजहाच्या, म्हणजे बकरी ईदच्या, दिवशी अबू बुर्दा नावाच्या पैगंबरांच्या सहकाऱ्याने नमाजाच्या आधीच कुर्बानी करून टाकली, आणि नियम असा की कुर्बानी नमाजानंतर. विचारल्यावर तो म्हणाला, आजचा दिवस असा की लोकांना मांस खावंसं वाटतं, म्हणून मी घाई केली. बुखारी या संकलकांच्या हदीससंग्रहात इथे 'युश्तहा' असा शब्द आहे, हवंसं वाटतं. पण मुस्लिम नावाच्या दुसऱ्या संकलकांच्या संग्रहात हेच वाक्य असं आलंय की आज मांस 'मक्रूह' आहे, म्हणजे नकोसं! एकच प्रसंग आणि अर्थ उलटा. मग टीकाकारांनी खूप काथ्याकूट केला, आणि काझी इयाद या बाराव्या शतकातल्या विद्वानांनी नोंदवलंय की मुस्लिमच्या संग्रहाच्या दुसऱ्या एका परंपरेत शब्द 'मक्रूम' असा आहे, करमवरून आलेला, ज्याची ओढ लागते ते, आणि काही जणांच्या मते तोच बरोबर पाठ. लिहिताना दोन्ही शब्दांचा सांगाडा बराच सारखा दिसतो, दोन अक्षरं बदलली की हवंसं वाटणारं नकोसं होतं. जुनी हस्तलिखितं वाचणाऱ्यांना किती जपून वाचावं लागतं ते यातून कळतं.

दुधाचं पण सांगून टाकतो कारण ते सुटायला नको. ऐमा म्हणजे दुधाची तीव्र ओढ. जनावरांवर जगणाऱ्या लोकांना दूध मिळत नाही म्हणजे काय, तर जनावरं मेली. म्हणून जुनी एक शिवी, म्हणजे शापच आहे तो, 'आमा व आमा' असा ऐकू येतो, त्यातला पहिला आमा म्हणजे बायको मरो आणि दुसरा, घशातून काढायचा, म्हणजे उंटं मरून दुधासाठी जीव तळमळो. दोन शब्दांत माणसाचा अख्खा संसार उठवायचा. आपल्याकडे दुधाच्या ओढीत एवढं काही भरलेलं नाही.

प्रश्न : मी मस्कतला नोकरी करतो. इथे जेवणाच्या जाहिरातीत 'शही' शब्द सारखा दिसतो, चविष्ट या अर्थाने. पण एका मित्राने सांगितलं 'शहवा' म्हणजे वाईट वासना. मग जेवणाला हा शब्द कसा चालतो? (मूळ गाव चिपळूण)

तुम्ही स्वतःच मराठीत उत्तर दिलंत की. आजारी माणसाबद्दल आपण काय म्हणतो, 'अन्नावरची वासनाच उडाली'. तोच शब्द, एका ठिकाणी घास हवासा वाटणं आणि दुसऱ्या ठिकाणी ज्याबद्दल चारचौघांत बोलत नाही ते. शहवाचं अगदी तसंच आहे. मुळात मनाला एखाद्या गोष्टीची ओढ वाटणं एवढाच अर्थ, ती ओढ अन्नाची असेल, देहाची असेल, पैशाची असेल. छप्पन्नाव्या सूरेत स्वर्गाचं वर्णन करताना त्यांना 'हवंसं वाटेल' ते पक्ष्याचं मांस मिळेल असं म्हटलंय, तिथे याच धातूचं क्रियापद आहे, म्हणजे शब्दाला मुळात काही डाग नाही. आजच्या अरबीत जेवणाच्या इच्छेला 'शहिय्या' असं वेगळं रूप वापरतात, तुम्ही तेच वापरा, गोंधळ होणार नाही.

याच प्रश्नासोबत ठाण्याच्या एका ताईंनी डोहाळ्यांबद्दल विचारलंय. हो, त्याला स्वतंत्र शब्द आहे, वहम, आणि जिला डोहाळे लागलेत ती वहमा. यातला ह घशातून, श्वास घासत काढायचा. जुन्या कोशांत अर्थ दिलाय तो म्हणजे गरोदर बाईला एखाद्या खाण्याची जबरदस्त इच्छा होणं, आणि आजही अरब घरांत हाच शब्द रोज चालतो.

प्रश्न : आमच्या घरात वाद आहे. नातू ताटात वाढलेलं बाजूला सारतो, मी म्हणते अन्नाला नावं ठेवू नयेत, सून म्हणते नाही आवडत तर नाही आवडत, जबरदस्ती कशाला. अरबी लोकांत याबद्दल काय म्हटलंय? (पुणे)

आजी, तुम्ही दोघीही बरोबर आहात, आणि हे मी समजूत घालायला म्हणत नाहीये. अबू हुरैरा यांनी सांगितलेली हदीस आहे, पैगंबरांनी कधीही अन्नाला नाव ठेवलं नाही, हवंसं वाटलं तर खाल्लं, नावडलं तर सोडून दिलं. नाव ठेवायचं नाही हे तुमचं म्हणणं, आणि सोडून द्यायला हरकत नाही हे सूनबाईंचं, दोन्ही एकाच वाक्यात बसलंय.

पण नावडण्याचा खरा नेमका शब्द आहे 'आफा', आणि तो ज्या प्रसंगात येतो तो सांगण्यासारखा आहे. पैगंबरांच्या पत्नी मैमूना यांच्या घरी भाजलेला दब्ब वाढला होता. दब्ब म्हणजे वाळवंटातला काटेरी शेपटीचा सरडा, आपल्याकडे कच्छ-राजस्थानात ज्याला सांडा म्हणतात त्याच्या जातकुळीतला. पैगंबरांनी हात पुढे केला तेवढ्यात तिथल्या बाईने सांगितलं की हा दब्ब आहे, त्यांनी हात मागे घेतला. पंगतीला खालिद इब्न वलीद होते, मैमूना त्यांची मावशी, त्यांनी विचारलं हे निषिद्ध आहे का, तर उत्तर आलं नाही, पण माझ्या लोकांच्या मुलखात हे नव्हतं म्हणून मला 'अआफुहू', म्हणजे माझं मन घेत नाही. मग खालिदनी ते ताट स्वतःकडे ओढलं आणि समोर बसून खाल्लं.

या एका शब्दात किती समजूतदारपणा आहे बघा. पदार्थ वाईट आहे असं म्हटलेलं नाही, वाढणारी चुकली असं नाही, निषिद्ध तर नाहीच, आणि शेजारच्याने खाल्लं तर त्यालाही आडकाठी नाही. फक्त माझ्या जिभेला लहानपणापासून सवय नाही. नातवाला 'शी' म्हणायच्या ऐवजी 'माझं मन घेत नाही' एवढं म्हणायला शिकवा, माझ्या मते तुमचा वाद तिथेच मिटेल.

हाच शब्द उंटाला पण लागतो. पाण्यापाशी येऊन, तहानलेला असूनही, स्वच्छ पाणी नुसतं हुंगून मागे वळणाऱ्या उंटाला 'अयूफ' म्हणतात.

मात्र आफा म्हणजे मुळातच न रुचणं. रोज रोज तेच खाऊन वीट येतो त्याला दुसरं क्रियापद आहे, अजिमा. नवीन अन्नाला अजिमा लागत नाही, पूर्वी आवडीने खाल्लेलंच अजिमा होतं, आणि सारखं एकच एक करून डब्यात देणाऱ्यांनी हा शब्द जरूर लक्षात ठेवावा. कुराणात बनी इस्राईल, म्हणजे जुने ज्यू लोक, मूसांना (मोझेसना) म्हणतात की एकाच अन्नावर आमचं भागत नाही, तुमच्या देवाला सांगा आम्हाला भाजीपाला, काकडी, मसूर, कांदा दे. आकाशातून मन्न (एक गोड अन्न) आणि सल्वा (लाव्यासारखे पक्षी) येत होतं तरी कांद्यासाठी जीव जात होता. (त्या यादीत 'फूम' म्हणून एक पदार्थ आहे, तो लसूण की गहू यावर भाष्यकारांचं एकमत नाही.)

आणि तिसरं म्हणजे बशम, अति खाऊन अन्नच नकोसं होणं, आपलं अजीर्ण. मुतनब्बी हा फार मोठा कवी, मृत्यू ९६५ चा, त्याने इजिप्तचा सत्ताधारी काफूरकडे निराश होऊन ९६२ मध्ये ईदच्या सुमारास मिसर, म्हणजे इजिप्त, सोडलं आणि जाताना जी कविता लिहिली तिच्यात एक ओळ आहे, मिसरचे राखणदार झोपी गेलेत, कोल्ह्यांना खाऊन खाऊन बशम झालाय, आणि द्राक्षांचे घोस काही संपत नाहीत. इजिप्तच्या लुटीवर याच्यापेक्षा नेमकं वाक्य मला माहीत नाही. चोरांनी खाल्लं एवढं म्हणून तो थांबत नाही, त्यांना आता खाण्याचा कंटाळा आलाय तरी ते खातायत हे तो बशम या एका शब्दात सांगतो.

प्रश्न : मी डॉक्टर आहे. खाण्याचे जे मानसिक आजार असतात, अजिबात न खाणं किंवा बेसुमार खाणं, त्यांना अरबी वैद्यकात जुनी नावं आहेत का? (नागपूर)

आहेत. इब्न सीना, ९८० ते १०३७, म्हणजे सआलिबींचेच समकालीन. त्यांच्या 'कानून' या वैद्यकग्रंथात जठराच्या भागात भुकेचे बिघाड वेगवेगळे सांगितलेत. एक आहे शहवा कल्बिया, कुत्र्याची भूक, कितीही खाल्लं तरी न भागणारी, आपल्याकडे भस्म्या म्हणतात तसली. दुसरी बकरी, म्हणजे आपली बकरी नव्हे, बकर म्हणजे गाय-बैल, तर ही बैलाची भूक, आणि हे मूळ ग्रीक नावाचं अरबी रूप आहे. त्याचं वर्णन त्यांनी फार विलक्षण केलंय, शरीराचे अवयव भुकेने व्याकूळ झालेत आणि जठर मात्र अन्न झिडकारतंय, आणि तिथे जठराला त्यांनी विशेषण लावलंय 'आइफा', म्हणजे वर दब्बच्या गोष्टीतला तोच शब्द. एकाच देहात भूक आणि नावड दोन्ही एकदम. तुमच्याकडे येणाऱ्या काही पेशंटांच्या नातेवाईकांना हे वर्णन ओळखीचं वाटेल असं मला वाटतं. आजच्या मानसिक आजारांशी त्याची थेट जोडी मात्र लावू नका, त्यांचा सगळा विचार जठर आणि शरीरातल्या दोषांचा होता.

आधुनिक अरबी वैद्यकीय परिभाषा करणाऱ्यांनी जुन्याच शब्दांना कामाला लावलं. न खाण्याच्या आजारासाठी 'कहम' घेतला, अन्नावरून मन उडणं, आणि बेसुमार खाण्यासाठी 'नहम' याच्याच धातूवरून नाव केलं, अधाशीपणाचा जुना शब्द. नवीन शब्द बाहेरून आणण्यापेक्षा हे मला जास्त पटतं, कारण रोग्याच्या घरच्यांना निदान अर्ध तरी कळतं.

कहमचाच जवळचा नातलग 'अक्हा', जेवणाची इच्छा जाणं. आणि जुने कोशकार म्हणतात की 'कहवा' हा शब्द यावरूनच आला. कहवा हे पूर्वी दारूचं एक नाव होतं, ती प्यायली की जेवण नको वाटतं म्हणून. पुढे पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी, म्हणजे देवाच्या नामस्मरणासाठी, जागं राहायला कॉफी प्यायला लागले आणि ते नाव कॉफीला मिळालं, तिथून तुर्कांकडून युरोपात गेलं आणि कॉफी होऊन आपल्याकडे आलं. जेवणाच्या तोंडावर चहा-कॉफी नको, भूक मरते, असं घराघरांत सांगतात, ते कोशकारांनी शब्दाच्या पोटातच लिहून ठेवलंय.

प्रश्न : दुबईत अरब सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेलं की वाढणं थांबतच नाही. 'बास, पोट भरलं' हे चांगल्या शब्दांत कसं सांगायचं? (सध्या दुबई)

'अल्हम्दुलिल्लाह, शबआन.' बाई असेल तर शबआना, जुन्या ग्रंथांत शबआ असं रूप दिसेल पण बोलताना कोणी ते वापरत नाही. अत्शान तहानलेला, शबआन तृप्त, आणि भुकेला तो जूआन, पण तुमच्याकडे आखातात ज चा य होतो त्यामुळे यूआन असं ऐकू येईल, सगळे एकाच साच्यातले शब्द आहेत, एक आला की बाकीचे जमतात. आणि 'नको' म्हणून ताट पुढे सारू नका, उजवा हात छातीवर ठेवून अल्हम्दुलिल्लाह आधी म्हणा आणि शबआन नंतर. तरी आणखी एक डाव भात पडेलच, तो खायचा.